नगररचनेचा अभ्यास आणि नगरपालिकेचं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या मुलीला ‘शहर नियोजन’ करायचंय, कुणी सिव्हिल करून कंटाळलाय, कुणी समाजशास्त्रात एम.ए. होऊन बसलंय आणि आता पुढे काय ते सुचत नाही. गेली पंधराएक वर्षं मी लहान शहरांच्या नगरपरिषदांसाठी अभ्यास करून देण्याचं काम करतो. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

नगररचना म्हणजे इमारतींचे नकाशे पास करणं ना?

तो तिचा एक कोपरा झाला. घर बांधायचं तर नकाशा घेऊन ‘टीपी’त खेटे घालावे लागतात, म्हणून टाउन प्लॅनिंग म्हटलं की लोकांना तेच आठवतं. खरं काम म्हणजे शहराची पुढची वीस वर्षं ठरवणं : शाळेला जागा कुठे, कुठला रस्ता किती मीटरचा, बाजार कुठे भरणार, नाल्याच्या कडेला बांधू द्यायचं की नाही. महाराष्ट्रात हे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली चालतं. त्याचा मुख्य दस्तऐवज म्हणजे विकास योजना, सगळ्यांच्या तोंडी ‘डीपी’.

इथे ज्या कामाबद्दल लिहितोय ते डीपीच्या आधीही असतं आणि नंतरही. शहरात प्रत्यक्ष काय चाललंय ते मोजायचं आणि मोजलेलं नगरपालिकेच्या निर्णयात उतरवायचं. पहिला भाग कॉलेजात शिकवतात. दुसरा शिकवत नाहीत आणि निम्म्याहून अधिक हुशार मुलं तिथेच अडतात.

अभ्यासामुळे एखादी नगरपालिका खरोखर सुधारली, असं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते मुंबई-पुण्यातलं नाही, वाईचं आहे. ढोल्या गणपतीची वाई, २०११ च्या जनगणनेत जेमतेम छत्तीस हजार वस्तीची. गावात भूमिगत गटार योजना नाही, घरोघरी सेप्टिक टँक. टाकी उपसायची पद्धत सगळीकडे असते तीच : ती भरून वाहायला लागली, वास सुटला की गाडीला फोन करायचा. म्हणजे आठ-दहा वर्षांतून एकदा, तेही ज्याला परवडेल त्याने. तोवर टाकीतला गाळ घट्ट बसलेला असतो. टाकीचं काम थांबतं आणि घाण पाणी उघड्या गटारातून नाल्यात आणि नाल्यातून कृष्णेत जातं. उपसलेला मैला कुठे ओततात, हे विचारायची सोय नसते.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातला एक गट २००९ पासून महाराष्ट्र आणि गुजरातमधल्या शहरांच्या पाणी-स्वच्छतेची कामगिरी मोजत होता. त्या कामातून त्यांनी वाई आणि नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर ही दोन शहरं खोलात जाऊन घेतली. कुणाकडे किती मोठी टाकी, शेवटची कधी उपसली, गाडी गल्लीत शिरते का, याची घरोघर चौकशी झाली. निष्कर्ष तसा साधा होता : उपसणी मागणीवर नको, वेळापत्रकावर हवी. शहराचे तीन भाग करा, दर वर्षी एक भाग घ्या, म्हणजे तीन वर्षांत प्रत्येक टाकी एकदा रिकामी होते.

पण मला त्यातलं जे आवडतं ते पुढचं. हे करायला पैसे कोण देणार? घरमालकाकडून दर खेपेला पैसे मागितले तर तो म्हणणार, ‘माझी टाकी भरलीच नाही, कशाला उपसू?’ म्हणून खर्च नगरपरिषदेने करायचा, त्याला मालमत्ता करासोबतच्या स्वच्छता कराचा आधार द्यायचा आणि कंत्राटदाराला जितक्या टाक्या प्रत्यक्ष उपसल्या तितक्यांचेच पैसे द्यायचे, अशी मांडणी झाली. जोडीला मैला प्रक्रिया केंद्र. २०१८ च्या सुमारास दोन्ही शहरांत हे सुरू झालं आणि वेळापत्रकाने टाक्या उपसणारी ती देशातली पहिली शहरं ठरली. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसावी हे पुस्तकांत आधीपासून होतंच. कोणता कर, कोणता करार, कोणत्या गल्लीपासून सुरुवात, एवढंच कुणी बसून लिहिलं नव्हतं.

दुसरं एखादं? प्रत्येक वेळी विद्यापीठच लागतं का?

नाही. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. या बाया रोज किती माल कचऱ्यातून बाजूला काढतात, त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, हे संघटनेने आणि तिच्याबरोबरच्या अभ्यासकांनी हिशेब करून दाखवलं. ‘आमच्यावर दया करा’ या भाषेत बोलण्याऐवजी ‘आम्ही तुमचे पैसे वाचवतो’ असं आकड्यांत बोलता आलं. आधी ओळखपत्रं मिळाली. पुढे त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार झाला. तराजू, वही आणि चिकाटी एवढ्याच भांडवलावरचं हे संशोधन आहे.

हे सगळं परदेशी खूळ नाही का? आपल्याकडे कधी होतं असं?

शंभर वर्षांहून जुनं आहे. देशातला पहिला नगररचना कायदा मुंबई इलाख्याचा, १९१५ चा. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राच्या विभागाचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्यानंतर ती जागा गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. गेडिस यांचं म्हणणं असं की आधी शहर पायी फिरून समजून घ्या, मग हत्यार उचला, आणि तेही जपून. प्लेगच्या साथीनंतर सरसकट वस्त्या पाडण्याचा जो धडाका सुरू होता त्याला ते उघड विरोध करत.

पुढे पुण्यात धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. ती १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत छापली गेली. कुठल्या पेठेत कोण राहतं, काय कमावतं, कर्ज किती, हे त्यांनी घरोघर जाऊन विचारलं होतं. संगणक नव्हता. कारकून होते आणि शिस्त होती.

शिक्षण कुठे घ्यावं?

बारावीनंतर थेट जायचं असेल तर बी.प्लॅनिंगसाठी जेईई मेनचा नियोजनाचा वेगळा पेपर असतो. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या केंद्रीय संस्था, अहमदाबादला सेप्ट. पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, खरगपूरची आयआयटी अशी नावं घेता येतील. गेट या प्रवेश परीक्षेत आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगचा पेपर असतो. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शहरी धोरण आणि कारभार यावर अभ्यासक्रम आहे. नकाशापेक्षा कारभारात रस असेल त्याने तो पाहावा.

एम.प्लॅनला आर्किटेक्ट आणि सिव्हिलवाल्यांबरोबर भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र घेतलेल्यांनाही बहुतेक ठिकाणी प्रवेश मिळतो. हे पालकांना माहीत नसतं. माझ्या पाहण्यात सर्वांत चांगले क्षेत्र-अभ्यासक भूगोलवाले निघाले.

आणि एक नाव कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो : अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था, १९२६ ची, मुंबईतली. तिथला एलएसजीडी (लोकल सेल्फ गव्हर्नमेंट डिप्लोमा) हा पदविका अभ्यासक्रम नगरपालिकेतले कर्मचारी पदोन्नतीसाठी करतात. त्यात लेखे, कर, कायदे असलं कोरडं सगळं असतं. आयआयटीचा एम.टेक. झालेल्या मुलानेही त्याची पुस्तकं चाळावीत. निदान ‘लेखाशीर्ष’ (अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं) या शब्दाला तो घाबरणार नाही.

सिव्हिलचा डिप्लोमा आहे. चालेल?

चालेल. राज्याच्या नगररचना विभागातली रचना सहायकाची पदं डिप्लोमावाल्यांना खुली असतात. जाहिरात नीट वाचा, पात्रता दर वेळी तपासा.

सरकारी नोकरी, संस्था की सल्लागार कंपनी?

तिन्ही ठिकाणी काम आहे, पण जात वेगळी.

नगररचना विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे. सहायक नगररचनाकार, नगररचनाकार या जागा एमपीएससीमार्फत भरल्या जातात. सही तुमची चालते, म्हणून वजन आहे. पण पहिली काही वर्षं परवानग्या, मोजण्या, मूल्यांकन आणि कोर्टाच्या तारखा यांतच जातात. अभ्यासाला वेळ चोरून काढावा लागतो. राज्यसेवेतून मुख्याधिकारी, म्हणजे नगरपरिषदेचे प्रशासकीय प्रमुख, झालात तर अख्खं गावच हाती येतं. तिशीच्या आत मुख्याधिकारी झालेली माणसं मी पाहिलीत. त्यातल्या काहींनी तीन वर्षांत जे केलं ते आमच्यासारख्यांच्या दहा अहवालांनी झालं नसतं. मग बदली होते.

संस्थांमध्ये वेळ मिळतो, मोकळीक मिळते, प्रकल्पाचे पैसे संपले की नोकरीही संपते. सल्लागार कंपन्या डीपी, डीपीआर (प्रकल्पांचे सविस्तर अहवाल) आणि जीआयएस नकाशे (संगणकावरचे, माहिती जोडलेले) करतात. कामाचा सराव उत्तम होतो. मात्र काही जण एका शहराचा अहवाल दुसऱ्या शहराला नाव बदलून देतात. एका अहवालात मी स्वतः डोंगराळ गावाच्या प्रकरणात ‘किनारपट्टीची धूप’ वाचली आहे.

मुख्यमंत्री फेलोशिप हा चौथा रस्ता. २०१५ मध्ये सुरू झाली, मध्यंतरी बंद होती, २०२३ पासून पुन्हा चालू आहे. वयाची अट २१ ते २६. वर्षभर प्रशासन आतून दिसतं, हा तिचा खरा पगार.

पगाराचं काय ते सांगा सरळ.

सरळ सांगायचं तर सॉफ्टवेअरवाल्या मित्राशी तुलना करू नका. सरकारी पदांना वेतन आयोगाप्रमाणे मिळतं आणि ते बरं असतं. संस्थेत सुरुवातीला भाडं, मेस आणि एसटीचा पास भागेल इतपत. पाच-सात वर्षांनी नाव झालं की सल्लागारीत सुधारतं. घरी कर्ज असेल तर आधी एमपीएससीचा विचार करा, त्यात कमीपणा नाही.

आकडेवारी मिळते कुठे? जनगणना तर २०११ ची आहे.

हा खरा प्रश्न. २०११ मध्ये राज्यातली ४५ टक्के माणसं शहरात होती. त्यानंतर गावांच्या कडेला केवढं बांधकाम झालं ते तुम्ही बघताच आहात. जुन्या आकड्यांवर नवा आराखडा करायचा म्हणजे पोराच्या पाचवीतल्या मापाचा शर्ट त्याच्या लग्नात घालण्यासारखं आहे.

मी सुरुवात कर विभागापासून करतो. मालमत्ता कराची आकारणी नोंदवही हे शहराचं सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे, कारण त्यावर पैसे वसूल होतात. कुठल्या वॉर्डात घरं वाढली, कुठे दुकानं झाली, कुठे घर आहे पण नोंदच नाही, हे त्यात सापडतं. मग नळजोडण्यांची यादी. ती दोन्ही शेजारी ठेवली की पहिली गंमत दिसते : मालमत्ता अमुक, नळ तमुक, मधला फरक पितो काय? त्यानंतर वीज, रेशन दुकानं, अंगणवाड्या, शाळांची पटसंख्या. अंगणवाडीताईकडे वस्तीची जी माहिती असते ती उपग्रहाच्या चित्रातही नसते. तिला वेळ विचारून जा आणि पोषण आहाराच्या वेळी जाऊ नका.

माहिती देत नसतील तर २००५ चा माहिती अधिकार आहेच. पण तो शेवटी वापरा. ज्या कार्यालयात उद्या चहा प्यायचा आहे तिथे आज अर्ज टाकून गेलात तर पुढचे दरवाजे आपोआप लागतात. शिवाय कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे कितीतरी माहिती त्यांनी आपणहून जाहीर करायची असते. ती मागायला अर्ज लागत नाही, कलम ठाऊक असावं लागतं.

डीपीत नेमकं कुठे लक्ष घालावं?

दोन जागी. पहिली, विद्यमान जमीन वापर नकाशा, म्हणजे ‘ईएलयू’. आज कुठल्या जागेवर काय आहे हे त्यात दाखवतात आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. तोच चुकला तर काय होतं ते मुंबईने दाखवलं. २०१४ ते २०३४ साठीचा विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तूंच्या नोंदी गळलेल्या. हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये मसुदा मागे घेऊन नव्याने करायचे आदेश निघाले. मंजुरी मिळायला २०१८ उजाडलं. त्या काळात नागरिक गटांनी वॉर्डावॉर्डांत नकाशे घेऊन फिरून चुका टिपल्या. हेही संशोधनच, फक्त चप्पल झिजवून केलेलं.

मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी बहुतेक शहरांत ३० दिवस मिळतात, बृहन्मुंबईत ६०. ‘नंतर बघू’ म्हणालात की संपलं.

दुसरी जागा म्हणजे आरक्षणं, बाग-शाळा अशा सार्वजनिक सोयींसाठी डीपीत राखलेल्या जमिनी. डीपी अमलात आल्यावर दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही तर कलम १२७ खाली मालक ‘जागा विकत घ्या’ अशी खरेदीची सूचना देऊ शकतो. मग २४ महिन्यांत नगरपालिकेने हालचाल केली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. बागेची, शाळेची, दवाखान्याची जागा अशी निसटते. कित्येक नगरपरिषदांत कुठल्या आरक्षणाला सूचना कधी आली याची एकत्र यादी नसते, प्रत्येक नस्ती वेगळ्या कपाटात. मी नव्या शहरात गेलो की पहिल्या महिन्यात ही यादी करून देतो : आरक्षण क्रमांक, सर्व्हे नंबर, आजचा वापर, सूचनेची तारीख, मुदत. चार पानं होतात. माझ्या सगळ्या कामात सर्वांत जास्त वापरली गेलेली पानं तीच.

एका गावात बागेच्या आरक्षणावर बुधवारचा बाजार दोन पिढ्या भरत होता. नकाशात हिरवा रंग, जमिनीवर कांदे-बटाटे. बाजार उठवून बाग करायची की बाजारालाच जागा द्यायची, हा निर्णय सभागृहाचा. पण बाजारात किती विक्रेते बसतात, त्यातल्या किती बाया आहेत आणि कुठल्या गावांहून येतात, हे मोजून दिल्यावर चर्चेचा सूर बदलला.

अहवाल दिला, कौतुक झालं, पुढे काहीच नाही. असं का होतं?

माझा पहिला अहवाल १४० पानी होता, इंग्रजीत, रंगीत. मुख्याधिकाऱ्यांनी तो उलटापालटा करून विचारलं, ‘यातला ठराव कुठला?’ मला प्रश्नच कळला नाही. बाहेर आल्यावर आस्थापनेतल्या एका वयस्क बाईंनी, सगळे त्यांना माई म्हणत, मला शेजारी बसवून टिपणी लिहायला शिकवलं. विषय, संदर्भ, थोडक्यात वस्तुस्थिती, प्रस्ताव, अंदाजे खर्च, खर्च कुठल्या लेखाशीर्षातून, कुठल्या कलमाखाली कोणाची मंजुरी. दोन पानं, मराठीत. ‘साहेब सही कुठे करणार ते आधी ठरव, मग वरचं लिही,’ हे त्यांचं वाक्य. मी पुढे कुठल्याही पदवीपेक्षा त्यावर जगलो.

तुमचा अभ्यास कितीही खरा असो, तो टिपणीत बसला नाही तर नगरपालिकेच्या लेखी तो झालाच नाही. वेळही सांभाळावी लागते. डिसेंबर-जानेवारीत अंदाजपत्रकाची जुळवाजुळव असते, तेव्हा दिलेल्या दोन पानांना तरतूद मिळू शकते. मेमध्ये दिलेल्या दोनशे पानांना हार मिळतो.

नगरसेवक ऐकतात का?

आपल्याला वाटतं त्याहून जास्त. एकदा मी वॉर्डनिहाय पाण्याच्या तासांचा तक्ता मांडला. मागच्या बाकावरचे एक नगरसेवक उठले : ‘आमच्या गल्लीत पाणी पहाटे चारला येतं. तुमच्या पोरानं सकाळी दहाला जाऊन विचारलं. त्या वेळी घरात म्हातारी असती, तिला काय ठावं?’ बरोबर होतं. आम्ही पाहणी पुन्हा केली, या वेळी पहाटे. ज्याने चूक काढली तोच पुढे त्या प्रस्तावाचा सूचक झाला.

२०२२ नंतर बराच काळ राज्यातल्या बहुतेक महापालिका-नगरपरिषदांवर प्रशासक होते. काही अभ्यासकांना ते सोयीचं वाटलं, एकाच माणसाला पटवायचं. मला नाही वाटलं. प्रशासकाने मान्य केलेलं पुढचा प्रशासक एका सहीने फिरवतो. सभागृहात भांडून झालेला ठराव टिकतो.

दबाव येतो का?

येतो. अमुक सर्व्हे नंबर नकाशात ‘जरा’ पिवळा, म्हणजे राहण्याच्या वापराचा, दाखवा, पूररेषा ‘जरा’ सरकवा. नकार देताना भाषण करू नका. मोजणीची तारीख, फोटो, अक्षांश-रेखांश आणि पंचनाम्यावरच्या सह्या फाईलला लावून ठेवा. कागद भक्कम असला की माणसं सहसा दुसरीकडे जातात. माझं एक काम यामुळे गेलंही आहे.

जीआयएस आणि एआय शिकावं का?

जीआयएस शिकाच. क्यूजीआयएस फुकट आहे, मराठीतून शिकवणारे व्हिडिओ आहेत. केंद्राच्या अमृत योजनेपासून डीपी जीआयएसवरच होतात. एआयचा उपयोग उपग्रह चित्रांतून बांधकामं ओळखायला होतो, पण छपराखाली किती कुटुंबं आहेत ते त्याला दिसत नाही. एक्सेल मात्र असं यायला हवं की लेखापाल तुम्हाला हाक मारून बोलावेल.

मराठी चांगली हवी का?

हवी, आणि दोन प्रकारची. कार्यालयीन मराठी, जिच्यात ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘अन्वये’ असतं, आणि गल्लीतली, जिच्यात माणूस खरं सांगतो. परदेशात शिकून परतलेले काही जण भेटतात. त्यांचं विश्लेषण फार चांगलं असतं आणि टिपणी भाषांतरित वाटते. सहा महिने एखाद्या बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टपालाच्या टेबलावर, बसलं की सुधारतं.

मुलींनी क्षेत्रकाम कसं करावं?

जोडीने, ओळखपत्र गळ्यात, पोलीस ठाण्यात आणि नगरपरिषदेत पत्र देऊन. आणि निःशंक करावं. पाणी, शौचालय, रस्त्यावरचा अंधार यांबद्दल घरातल्या बाया मुलींशी जे बोलतात ते आमच्याशी बोलत नाहीत. पुरुषांच्याच गटाने केलेली शौचालयांची पाहणी मी आता स्वीकारत नाही.

या महिन्यात, काहीही पदवी नसताना, काय सुरू करू?

तुमच्या गावाचा मंजूर डीपी मिळवा. नगरपरिषदेत पैसे भरून भाग नकाशा मिळतो. तुमच्या घराभोवतीची पाच आरक्षणं निवडा. प्रत्येक जागेवर जाऊन उभं राहा, आज तिथे काय आहे ते लिहा, फोटो काढा, चार जणांशी बोला. एका पानाचा तक्ता करा आणि बांधकाम विभागात नेऊन दाखवा. पुण्यात राहत असाल तर २००६ पासून महापालिका नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायचे अर्ज घेते. त्यातला एक तुमच्या प्रभागासाठी भरून बघा आणि त्या अर्जाचं पुढे काय झालं याचा वर्षभर माग काढा.

बांधकाम विभागात जाल तेव्हा सकाळी अकराच्या सुमारास जा. जेवणानंतर साहेब साइटवर असतात आणि नकाशांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याबरोबर जाते.